निषेधासह दिवाबत्ती

ग्रामपंचायतीच्या मागणी बिलावर घरपट्टीच्या खाली एक ओळ असते : दिवाबत्ती कर. ही ओळ मी आयुष्यभर वेळेवर भरत आलो आहे. नवे आर्थिक वर्ष लागले की पहिल्या आठवड्यातच मी कार्यालयात जातो, रक्कम भरतो, पावतीवर शिक्का नीट उमटला आहे की नाही ते खिडकीच्या उजेडात पाहतो आणि घरी येतो. यात कौतुकासारखे काही नाही. दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून माझी सारी नोकरी झाली. एक मुदत चुकली की न्याय्य दावासुद्धा कसा फेटाळला जातो हे रोज पाहिल्यामुळे मुदतीची धास्ती अंगात मुरली आहे, इतकेच.

म्हणून त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या गावातले रस्त्यावरचे सगळे दिवे बंद झाले, तेव्हा मला आलेला राग कर भरलेल्या माणसाचा होता. त्या रागाला कायद्याचा आधार नाही, हेही मला तेव्हाच माहीत होते. कर आणि शुल्क यांत फरक आहे. शुल्क भरले की त्याच्या बदल्यात सेवा मागता येते. कर भरला म्हणून ठरावीक असे काही मागता येत नाही. कर हा मोबदला नव्हे. हे मी वकिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते की झोपेतही म्हणू शकलो असतो. दाराबाहेरच्या काळोखात उभा राहून ते पुन्हा मनात म्हटले, तेव्हा प्रथमच मला त्याचा अर्थ लागेना.

आमचे गाव मोडते आंबेगाव तालुक्यात, आणि बाजारहाटाला जाते जुन्नरच्या बाजूला. चहूकडे ऊस आहे. ऊस आहे म्हणून बिबट्या आहे, आणि तो आता पाहुणा राहिलेला नाही. दूध डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यावरच्या पुलापलीकडे. पुलाच्या दोन्ही अंगांना रस्त्याला लागून ऊस उभा. डेअरीवर टँकर उजाडण्याच्या आत येऊन जातो, त्यामुळे माझी सून रोज पहाटे अंधारातच दुधाची किटली घेऊन त्या पुलावरून जाते. मुलगा चाकणला कंपनीत पाळीवर असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. गाई सुनेच्या. माहेराहून आलेल्या एका कालवडीपासून तिने त्या वाढवल्या. दुधाचे पैसे तिच्या खात्यावर जमा होतात आणि त्यांचे काय करायचे हे तीच ठरवते.

दिवे गेले आणि थोड्याच दिवसांत पुलाजवळ बिबट्या दिसला. मग खालच्या आळीतली एक शेळी गेली. मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला. माघातल्या यात्रेला तो रजा काढून येणार होता. तोवर दिवे लागले नाहीत तर गाई विकायच्या. फोन ठेवून सून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आमच्या घरात सासरा आणि सून यांचे बोलणे "चहा ठेवलाय" आणि "ठेव" यापलीकडे कधी गेले नव्हते.

"आबा," ती म्हणाली, "गाई मी इकनार न्हाई. दिवं कवा लागत्याल तेवढं सांगा."

मी सांगितले की मी पत्र लिहितो.

शेळीच्या पंचनाम्याला आलेल्या वनखात्याच्या माणसांनी गावाला चार सूचना दिल्या होत्या. पहाटे एकट्याने जाऊ नये, हातात बॅटरी आणि काठी असावी, मोठमोठ्याने बोलत जावे. दुसऱ्या दिवसापासून मी सुनेबरोबर निघालो. बॅटरी माझ्या हातात, काठी माझ्या हातात, किटली तिच्या हातात. राहिला प्रश्न बोलण्याचा. पहिल्या दिवशी आम्ही पुलापर्यंत गुपचूप गेलो आणि दोन्ही बाजूंचा ऊस सळसळू लागला, तेव्हा मला जे तोंडपाठ होते ते मी मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

"प्रति, माननीय गट विकास अधिकारी. विषय : मौजे गावातील सार्वजनिक दिवाबत्ती खंडित झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..."

पूल ओलांडेपर्यंत पत्र संपले. डेअरीवर सुनेने दूध घातले. परत येताना म्हणाली, "आबा, सबब म्हंजे काय?"

"म्हणून."

"मग म्हनूनच म्हना की. बिबट्याला तरी समजंल."

त्यानंतर रोज पहाटे एक मसुदा वाचला जाऊ लागला. ती दुरुस्त्या सुचवी. 'त्वरित' दोनदा आले, 'कळावे' फार लवकर आले, असे काहीबाही. इतक्या काळजीने माझी पत्रे न्यायालयातही कोणी ऐकली नव्हती.

पत्राला उत्तर म्हणून ग्रामसेवकाने मला बोलावले. तरुण माणूस, तीन गावांचा कारभार एकट्याकडे. खुर्ची पुसून दिली, पाणी मागवले.

"आबा, तुमचं पत्र वाचलं. सगळं बरोबर आहे."

"बरोबर आहे तर दिवे?"

"वीजबिल थकलंय म्हणून कनेक्शन तोडलंय. आणि पैसे खात्यात आहेत. पण ते बंधित आहेत."

त्याने मला समजावून सांगितले, आणि चांगले समजावले. वित्त आयोगाचा निधी दोन प्रकारचा असतो. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच खर्चायचा. अबंधित निधी गावाच्या इतर गरजांसाठी. खात्यात शिल्लक होती ती जुन्या बंधित निधीची.

"म्हणजे गटार बांधता येईल," मी म्हणालो.

"येईल. मागच्या वर्षी एक बांधलंच."

"आणि दिवा?"

"दिवा अबंधितातून."

"मग अबंधितातून लावा."

"ते आलेलं नाही. पंचायतीची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक बसलेत. निवडून आलेली बॉडी नसेल तर तो निधी येत नाही, आबा."

"निवडणूक मी लांबवली का?"

"मी पण नाही लांबवली."

"पूर्वी हे बिल शासनाकडून परस्पर भरलं जात होतं."

"होतं. आता ज्याचे दिवे त्यानं भरायचं."

"मग घरपट्टीतून भरा. मी भरली आहे."

तो जरा हसला, पण त्यात चेष्टा नव्हती. "वेळेवर भरणारे तुम्ही आणि किराणा दुकानवाले शेठ. बाकीचे म्हणतात, आधी दिवे लावा, मग भरतो."

मी चौकात आलो. चौकात उंच हायमास्टचा खांब उभा आहे. तो एका लोकप्रतिनिधीच्या निधीतून आला; खांबावर तशी पाटी आहे आणि ती रंगवलेली असल्याने दिवसा छान वाचता येते. खांब उभारायला निधी होता, पण त्याचे बिल ग्रामपंचायतीच्या मीटरवर येते. त्यामुळे तोही बंद. त्याच आठवड्यात शेळीवाल्याला भरपाईचे कागद आले. बिबट्याने शेळी खाल्ली तर त्यासाठी शासनाकडे लेखाशीर्ष आहे. ती खाल्ली जाऊ नये म्हणून एक दिवा लावायचा, तर त्यासाठी नाही. रागाच्या भरात हे मी ग्रामसेवकाला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "आबा, हे पण बरोबर आहे."

मग एसटीने घोडेगावला पंचायत समितीचे कार्यालय गाठले. तिथल्या कारकुनाने मला बसवून नियम दाखवले. नियम ग्रामसेवकाने सांगितले तसेच होते. वीज कंपनीच्या माणसाने सांगितले की थकबाकीचे कनेक्शन चालू ठेवले तर त्यालाच जाब द्यावा लागेल, आणि तेही खरे होते. माझी पंचाईत इथे झाली. दाव्याला प्रतिवादी लागतो. ज्याच्यावर ठपका ठेवावा असा एक माणूस, एक टेबल, एक सही मला कुठेच सापडेना. जो तो आपापल्या जागी नियमाला धरून होता आणि सगळ्यांची बेरीज पुलावरचा काळोख होती. परतीच्या गाडीत मी नवे पत्र मनात जुळवू लागलो तेव्हा कोणावर चिडायचे हेच ठरेना. तरीही राग ओसरला नाही, हे मला सर्वांत विचित्र वाटले.

पौष आला, थंडी वाढली, पहाट अधिक लांबली. यात्रेची बैठक देवळाच्या सभामंडपात बसली. यात्रेचा खजिनदार आमचा किराणा दुकानदार शेठ. त्याचे पूर्वज राजस्थानातून येऊन पेठेत स्थिरावले, त्याला आता किती पिढ्या झाल्या ते त्यालाही सांगता येत नाही. देवाची वर्गणी त्याच्याकडेच ठेवायची हा गावाचा जुना रिवाज आहे. भाऊबंदकीत तो कोणाचाच नाही म्हणून तो सगळ्यांचा. आमच्याकडे वर्गणी कोणी बुडवत नाही. घरपट्टी बुडवणाराही वर्गणी आणून देतो, कारण यात्रेच्या दिवशी शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळत असताना दोन बाऱ्यांच्या, म्हणजे दोन धावांच्या, मधल्या वेळेत प्रत्येकाचे नाव भोंग्यावर पुकारले जाते. ज्याचे नाव पुकारले जात नाही त्याला वर्षभर मान खाली घालून फिरावे लागते.

शेठ म्हणाला, "यंदा ऑर्केस्ट्रा नको. त्या पैशातून लाइटचं थकलेलं बिल भरू. यात्रेच्या आधी गावात उजेड होईल."

माना डोलल्या. मी उठलो. मी म्हणालो की हे बेकायदेशीर आहे असे मी म्हणत नाही, पण हे चुकीचे आहे. दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. त्यासाठी कर बसवलेला आहे. ज्यांनी भरला त्यांच्याकडून त्याच गोष्टीसाठी पुन्हा पैसे घेणे म्हणजे दुहेरी आकारणी. आणि एकदा देवाने बिल भरले, तर शासन पुन्हा कधी भरणार नाही. उद्या दवाखान्याचे औषध देवाने आणायचे, परवा शाळेचे छप्पर देवाने घालायचे.

मागून कोणीतरी म्हणाले, "आबा, देव कोरटात येत न्हाई. त्याला समन्स लागत न्हाई."

दुसरा म्हणाला, "आन् आलाच तर तारीख मागनार न्हाई."

हशा झाला. शेठ हसला नाही. "आबा, घरपट्टी मी पण भरतो. दोनदा द्यायला मला पण जीवावर येतं," तो म्हणाला. "पण पहाटे तुम्ही दोघं माझ्या दुकानावरून जाता. तुमचं पत्र मला आत झोपल्या जागी ऐकू येतं. परवाचं फार चांगलं होतं. पण ते वाचून झाल्यावर पुढं अंधारच असतो ना, राव."

ठराव झाला. विरोधात मी एकटा. माझा विरोध नोंदवून घ्यावा असे मी सांगितले आणि तो नोंदवला गेला.

बैठकीची बातमी माझ्या आधी घरी पोहोचली होती. दुसऱ्या पहाटे आम्ही निघालो तेव्हा माझ्याजवळ मसुदा तयार नव्हता. पुलाजवळ सून म्हणाली, "यात्रेच्या सोमवारी व्यापारी येनार हाये गाई बघाया. ह्यांनी फोन केला व्हता."

मी म्हणालो, "मी जे बोललो ते खरं आहे, सूनबाई. आज आपण भरलं की कायमचं आपल्यावर पडेल."

"तुमचं खरंच असंल, आबा. मी कुटं न्हाई म्हनते. पर ते खरं लागू कवापासून व्हनार?"

कायदा कोणत्या तारखेपासून अमलात आला, हा प्रश्न मी नोकरीत शेकडो वेळा विचारला होता. मला तो कोणी विचारला नव्हता. आम्ही बाकीची वाट बॅटरीच्या गोल उजेडावर नजर ठेवून चाललो आणि बोलायचे विसरलो. वनखात्याच्या सूचनेचा तो भंग होता.

त्याच दिवशी मी शेठच्या दुकानात वर्गणी घेऊन गेलो. माझ्या परीने मी एक वाट काढली होती. न्यायालयात मागणी अमान्य असूनही रक्कम भरायची वेळ येते, तेव्हा ती निषेध नोंदवून, हक्क राखून भरता येते. मी तशी चिठ्ठी सोबत जोडली : "दिवाबत्ती कर पूर्वीच भरला असल्याने, सदर रकमेचे दायित्व मान्य न करता, सर्व हक्क अबाधित ठेवून, निषेधासह." शेठने चष्मा लावून चिठ्ठी वाचली.

"वर्गणीबरोबर मजकूर द्यायची पद्धत नाही, आबा."

"मजकुराशिवाय मला देता येणार नाही."

"मग घेतो," तो म्हणाला, आणि चिठ्ठी टाचणीने नोटांना लावून गल्ल्यात ठेवली.

बिल भरले गेले. यात्रेच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी वायरमन खांबावर चढला आणि गावातले दिवे लागले. पुलावरचा लागला तेव्हा सून गोठ्यातून बाहेर येऊन पाहत उभी राहिली.  मुलगा आला, पूल पाहून आला, आणि व्यापाऱ्याला त्याने फोनवरच येऊ नको म्हणून सांगितले.

यात्रेच्या दिवशी घाट माणसांनी भरला होता. एक बारी झाली, दुसरीची जुंपणी चालू होती, आणि पुकारणाऱ्याने वर्गणीदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या हातात घेतल्या. शेठने त्यांत माझी चिठ्ठी जशी होती तशी घातली होती. पुकारणाऱ्याला जे समोर येईल ते एकाच ठेक्यात म्हणायची सवय. त्या ठेक्यात भोंग्यावरून आले : "वरच्या आळीचे, कोर्टातले आबा यांच्याकडून, दिवाबत्ती कर पूर्वीच भरला असल्याने, दायित्व मान्य न करता, सर्व हक्क अबाधित ठेवून, निषेधासह देवाला वर्गणी."

 मला वाटले, आता शिव्या बसतील; देवाच्या दारात निषेध म्हणजे काय. पण आधी एका कोपऱ्यातून शिट्टी आली, मग टाळ्या, मग भंडारा उधळला गेला. थोड्या वेळाने पाहतो तो पुकारणाऱ्याच्या टेबलाभोवती गर्दी. ज्यांची नावे पुकारून झाली होती तेही परत आले होते. "आमचं बी निषेधासह म्हना." "माझं हक्क अबाधित राहिलं की, ते घाला." पुढच्या साऱ्या बाऱ्यांच्या मधल्या वेळेत घाटावर निषेधच निषेध पुकारला गेला, आणि प्रत्येक निषेधाला बैलगाड्यासारखी दाद मिळाली.

माझ्या शेजारी एक बागायतदार उभा होता. त्याने गेल्या कित्येक वर्षांत घरपट्टीची पावती पाहिलेली नाही. तोही नाव सांगून आला. मी त्याला म्हणालो, "तू कर भरला नाहीस. तुझा निषेध कशाचा?"

"आबा, भरला न्हाई तोच निषेध व्हता," तो म्हणाला. "फकस्त लिवून द्यायचा राहिला व्हता. तुमी वाट दावली."

त्या दिवशी मी जिंकलो की हरलो हे मला आजवर सांगता आलेले नाही. गावाने माझे म्हणणे मोठ्या आवाजात मान्य केले आणि त्याच वेळी माझ्या म्हणण्याच्या अगदी उलट वागून दाखवले. दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या. त्यांच्यावर रागवावे, तर मीही नेमके तेच केले होते.

पुढे माझा अंदाज खरा ठरला. लोकसहभागातून दिवाबत्ती सुरू केल्याबद्दल गावाला वरून अभिनंदनाचे पत्र आले; ते ग्रामसेवकाने चौकट करून भिंतीवर लावले. नव्या वर्षाच्या आराखड्यात मी दिवाबत्तीची तरतूद शोधली. तिथे लिहिले होते : लोकसहभागातून. मी बोट ठेवून ग्रामसेवकाला दाखवले. तो म्हणाला, "आबा, तुम्ही बोलला होता तसंच झालं." त्याच्या आवाजात खरे कौतुक होते. नवे मागणी बिल टेबलावरच होते. घरपट्टीच्या खाली ती ओळ होती : दिवाबत्ती कर. पहिला आठवडा होता. मी भरला. बाहेर पडलो तर समोरून शेठ येत होता. "आबा, बिल दर महिन्याला येतंय," तो म्हणाला. "वर्गणी यंदापासून वर्षातून दोनदा घ्यावी म्हणतो. तुमची चिठ्ठी तीच चालेल ना?"

मी घरी येऊन कागद घेतला. डाव्या कोपऱ्यात 'प्रति' लिहिले आणि स्वल्पविराम दिला. पुढे कोणाचे नाव घालावे? ग्रामसेवकाचे, की प्रशासकांचे? वीज कंपनीने तर दिवे लावलेच होते. वित्त आयोगाचा पत्ता मला माहीत नव्हता आणि देवाला मी पत्र लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत तेवढेच लिहून झाले.

दुसऱ्या पहाटे मी सुनेबरोबर निघालो. आता दिवे होते, माझी गरज नव्हती. जायचे का असे ती विचारत नव्हती आणि थांबू का असे मी विचारत नव्हतो. शेठच्या दुकानापर्यंत आम्ही उजेडातून गेलो. पुलाकडे वळलो तर पुढचा खांब काळा.

"कालपास्नं उडालाय," सून म्हणाली.

वीजबिल भरलेले होते. उडालेला दिवा बदलायचा तर तो कोणत्या खात्यातून, बंधित, अबंधित की देवाच्या, हे मला ठाऊक नव्हते. मी बॅटरी लावली. उसात काहीतरी सळसळले.

"आबा, आज वाचत न्हाई काय?"

"पत्र झालं नाही. कोणाला लिहायचं तेच ठरत नाही."

"सुरवात तरी केली आसंल की."

"'प्रति' एवढंच लिहिलंय."

तिने किटली या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या जवळून चालू लागली. "मग तेवढंच म्हना," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."

मी काठी आपटली, घसा साफ केला, आणि पुलाच्या पलीकडच्या काळोखाकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "प्रति."